वावरासाठी घेतलेला कॅमेरा

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. तरी आदिलाबादजवळ, बेल्याकडच्या आमच्या गावात कॅमेरा विकत घेणारा पहिला माणूस मीच.

नव्वदच्या पुढचं साल असेल. बायकोचे पाय गेले होते. कापूस फुटला की पहिल्या वेचणीला वावरात दहीभात शिंपून सीतादही करायचं, हे दरवर्षी तिचं काम. त्या वर्षी सुनेनं केलं. ही खाटेवरून म्हणाली, "मले एकडाव वावर दिसलं पायजे." बैलबंडीत घालून नेतो म्हटलं, तर हाडं सोसणार नाहीत म्हणाली. मग मी म्हटलं, वावरच घरी आणतो.

आदिलाबादच्या दुकानदारानं तीन कॅमेरे मांडले. दिव्यावाला तो सारखा पुढे करी, लग्नाकार्यात बरा म्हणे. मला दूरचं पाहणारा हवा होता.

"फोटोत कोन राहीन, मामा?"

"कोनी नाई. वावर."

तो हसला. बैल पारखावा तसा मी एकेक हातात तोलून पाहिला. एक जुना, जड होता. त्याच्या भिंगाभोवती फुटांचे आकडे, आणि शेवटी एक आठ आडवा पडलेला. हा कशाचा, विचारलं. नजर जाईल तिथवरचा, म्हणाला. झालं, तोच घेतला. काचेला बोट लावू नका, एवढं त्यानं बजावलं.

आमच्यात नवी वस्तू आली की हळदकुंकू, मग तिफण असो की पंप. बायकोनं पडल्या पडल्या बोटानं लावलं, ते नेमकं काचेवर. सून पुसायला धावली. तिला मी अडवलं. हिच्या हातचं कुंकू कसं पुसू देणार? शिवाय कॅमेऱ्याला भिंगाच्या वर पाहायची वेगळी खिडकी होती, तिच्यातून मला सगळं साफ दिसत होतं.

भर दुपारी बांधावर उभं राहून, तो आठ लावून, अख्खा रोल संपवला. पांढरं वावर, पळसाची रांग, मागं निळे डोंगर.

फोटो आले ते धुक्यात बुडालेले. कापूस आणि आभाळ एक झालेलं, डोंगरांवर तांबूस काहीतरी पसरलेलं. दुकानदार म्हणाला, बोट लावलंच ना. मी म्हटलं, मला असेच पाहिजे होते.

बायकोनं एक फोटो दाराच्या उजेडाकडे धरला.

"एवढ्या पहाटे गेलते तुमी? दहिवर पडून राह्यलं. मी वेचाले जाओ तवा असंच राहे."

मी हो म्हटलं.

तिचं बोट पळसाखालून निघालं, बांध उतरलं, आणि ओळीओळीनं वेचत हळूहळू डोंगराकडे जाऊ लागलं.