उसातून मोठ्यानं बोलत जाताना

मला चौकशा करायची खोड आहे. ब्लाउज शिवायला आलेली बाई माप देईपर्यंत लग्न कुणाचं, नवरी कुठली, सोयरीक कुणी जमवली, हे सगळं मी तिच्याकडून काढून घेते. नारायणगावात माझं शिवणाचं छोटं दुकान आहे. ते अर्धं कात्रीवर आणि अर्धं तोंडावर चालतं, असं आमचे हे म्हणतात. मला त्याचा राग येत नाही, खरंच आहे ते.

तर अशी मी, आणि मागच्या हिवाळ्यात माझा हातच चालेना. कापड टेबलावर पसरायचं, खडूनं खुणा करायच्या, कात्री उघडायची आणि तिथंच थांबायचं. मग पुन्हा माप बघायचं, खुणा पुसायच्या, पुन्हा करायच्या. गिऱ्हाइकं तारीख मागायची आणि मी थापा मारायची, लाइट नव्हती, पाहुणे आले होते, अस्तरच मिळालं नाही. रात्रीची झोप गेली, छातीत धडधड सुरू झाली. डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. "मनावर काही ताण आहे का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मला कसला ताण? मुलगा नोकरीला लागला, सून चांगली आहे, नवरा स्वभावानं गरीब आहे." ते हसले आणि म्हणाले, कुणाशी तरी मोकळं बोला. मला त्यांचा रागच आला. दिवसभर मी दुसरं करते तरी काय?

संक्रांतीनंतर दुकान बंद करायचं, असं मी मनात धरलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. जमीन ह्यांच्या वाडवडिलांची, घर ह्यांचं, पण ते दुकान माझं एकटीचं. ते सोडायच्या नुसत्या विचारानं जेवण जात नव्हतं, आणि कापता येत नाही तर दुकान ठेवून करायचं काय, हेही कळत नव्हतं.

आम्ही मळ्यात राहतो. जीप फाट्यावर सोडते, तिथून घरापर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. उसात बिबट्या असतो हे आमच्याकडे कुणी नवल म्हणून सांगत नाही, तोडणी सुरू झाली की कुठं ना कुठं पिल्लं सापडतातच. म्हणून दिवस कलल्यावर एकट्यादुकट्यानं जाताना मोठ्यानं बोलत जायचं. माणूस येतंय हे त्याला कळलं की तो बाजूला होतो. कुणी मोबाइलवर गाणी लावतं, कुणी काठी आपटत जातं. माझा मोबाइल संध्याकाळपर्यंत मेलेला असतो, म्हणून मी आपली बोलते. काय बोलते याच्याकडे माझं कधी लक्ष नव्हतं.

एका संध्याकाळी अशीच चालले होते, तर उसापलीकडून आवाज आला, "वैनी, कोनाला वं एवढं झापताय?"

शेजारच्या मळ्यातले भाऊजी होते, उसाला पाणी द्यायला आलेले. दिसत नव्हते, नुसता आवाज येत होता.

"कोनाला न्हाई," मी म्हटलं. "एकटीच हाय."

ते म्हणाले, "मला वाटलं सून हाय संगं. म्हनलं, वैनी सुनंला आसं बोलत्यात व्हय?"

"काय बोलत व्हते मी?"

"जाऊ द्या."

"जाऊ द्या काय? सांगा की."

"आता काय सांगू. हात तोडून ठेव म्हनं, काय कामाची न्हाईस तू, लोकं भिडंखातर येत्यात तुझ्याकडं. आसंच कायबाय. बैलाला बी आमी आसं बोलत न्हाई, वैनी."

मी हसण्यावारी नेलं आणि पाय उचलले. पण घरी भाकरी थापताना माझं डोकं तिथंच अडकलेलं. लाज वाटली, नाही असं नाही, पण लाजेपेक्षा मला नवल जास्त वाटत होतं. सुनेला मी आयुष्यात असं बोलले नाही. बोलले असते तर तिनं दुसऱ्या दिवशी माहेर गाठलं असतं आणि बरोबरच केलं असतं. मग मला असं बोलणारी ही कोण, आणि मी तरी निमूट का ऐकून घेते?

दुसऱ्या दिवसापासून वाटेवर मी कान देऊन ऐकायला लागले. आधी वाटलं, ही आई असेल. पण आई रागावली की एक धपाटा घालायची आणि विषय संपवायची, एवढं बोलायला तिला वेळ कुठं होता? सासू म्हणावी, तर सासू टोमणे मारायची, पण ते ऐकून मलासुद्धा हसू यायचं. हिच्या बोलण्यात तसली काही मजाच नाही, रोज तेच ते दळण. आणि ह्यांचा आवाज असायचं कारणच नाही, ह्यांना एका दमात एवढी वाक्यं येत नाहीत. म्हणजे ती माझीच, मीच तयार केलेली. खरं सांगायचं तर मी जरा हिरमुसले. कुणाच्या तरी माथी मारता आलं असतं तर सोपं गेलं असतं.

मग मी तिला गिऱ्हाइकासारखी धरली. नेहमीसारखी ती सुरू झाली, कापशील आणि वाटोळं करशील, तशी मी विचारलं, "बरं, केलं वाटोळं. म्होरं काय व्हईल?"

"गिऱ्हाईक वरडंल."

"मंग?"

"गावभर सांगंल. कोन येनार न्हाई तुझ्याकडं."

"मंग?"

इथं तिचा आवाज खाली आला. "मंग तू घरात बसशील. आन तुला कोनी कायसुदिक इचारनार न्हाई."

मी वाटेतच उभी राहिले. उसात असं गप्प उभं राहू नये, पण राहिले. "कवापासनं भ्यालीस गं?" मी विचारलं. उत्तर लगेच आलं, जणू मी विचारायचीच ती वाट बघत होती. चष्म्याचा नंबर वाढला तेव्हापासून. दिवाळीच्या गर्दीत एका ब्लाउजची कटोरी, छातीवरचा तुकडा, उलटी लावली तेव्हापासून. नंबर वाढल्याचं मी घरातसुद्धा बोलले नव्हते. ही बाई वाईट नव्हती, नुसती घाबरलेली होती. मी तरी या वाटेनं ओरडत जाते ती काय शूर म्हणून? मला तिची दया आली, माझीच मला दया आली, आणि घरापर्यंत रडतच गेले.

डॉक्टरांकडे पुन्हा गेले आणि सगळं सांगितलं. आता हे मला वेड्यात काढणार असं वाटलं होतं, पण ते खुर्ची पुढं ओढून ऐकत बसले. झोपेसाठी थोड्या दिवसांची गोळी दिली आणि म्हणाले, तिला विचारत राहा, फक्त तिच्यावर ओरडू नका. चष्मा बदलला, टेबलावर चांगला दिवा लावला. साधी कापडं हळूहळू कापू लागले.

राजुरीच्या एका बाईची साडी मात्र तशीच पडून होती. तिची आई वारलेली. आईनं ती साडी कधी नेसलीच नाही, चांगली म्हणून ठेवून दिली, आणि तिच्यातला ब्लाउज पीस आता या बाईला भाचीच्या लग्नासाठी शिवून हवा होता. तारीख जवळ आली. एका दुपारी मी तो पसरला आणि कापला. पाठ नीट उतरली. पुढच्या भागाला मुंढा, बाही जोडायची ती गोलाई, जास्तच खोल गेला. बगलेत येणारं कापड माझ्या डोळ्यांसमोर कातरलं गेलं.

आतली ती लगेच सुरू झाली. हात तोडून ठेव, सांगितलं होतं तुला. मी कात्री खाली ठेवली आणि मोकळ्या दुकानात मोठ्यानं म्हटलं, "व्हय, चुकलं. भ्यालीस ना? बस जरा." पाणी प्यायले. धडधड काही लगेच थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी बाई आली. तिनं पिशवी खाली ठेवायच्या आत मी सांगून टाकलं, "ताई, तुमचं कापड माझ्या हातनं बिघडलंय." तिनं तो तुकडा हातात घेतला, कातरलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मी शिव्या खायच्या तयारीनं उभी होते.

"माझीच अक्कल न्हाई," ती म्हणाली. "मला कशाला हौस सुचली? आईची एक वस्तू सांभाळता आली न्हाई मला. काय कामाची न्हाई मी."

तेच शब्द, तोच सूर. मी तिला स्टुलावर बसवलं. "चूक माझी हाय, ताई," मी म्हटलं. "तुमी सोताला आसं बोलू नका. आई गेल्यापासनं तुमाला कोनी इचारलं का, कशा हाय म्हनून?"

तिनं मान हलवली आणि तो तुकडा तोंडाला लावून रडायला लागली. मी तिच्याजवळ बसून राहिले. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "आता याचं काय व्हईल?"

"बगलंत जोड लावता येईल. उरल्यालं कापड हाय. पन तुमी म्हनाल तरच."

"लावा," ती म्हणाली. "मी बसते हितंच."

मी उरलेला तुकडा टेबलावर पसरला, खुणा केल्या आणि कात्री उघडली. ती बघत होती. माझ्या आतली ती पुन्हा कुरकुरायला लागली. मी तिला कुरकुरू दिलं आणि कापत गेले.