अर्ध्या रेड्याचा मालक

ही हकीगत मी बरीच वर्षं टाळत आलो. आमच्या नात्यात ती सगळ्यांना पाठ आहे. लग्नाची पंगत बसली की कोणीतरी ती सांगतंच, आणि मी शेजारी बसून मठ्ठा पीत राहतो. पण सांगतात ती चुकीची. तिच्यातला मूर्ख म्हणून माझ्या मेहुण्याची, बायकोच्या धाकट्या भावाची, नेमणूक झाली आहे. ती जागा माझी आहे.

मी चंडीगडला एका सरकारी प्रयोगशाळेत मोजमापाची उपकरणं तयार करण्यात नोकरी घालवली आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलो. वडिलांनी अकोल्याबाहेर कधीतरी जमिनीचा एक तुकडा घेऊन ठेवला होता. आम्ही तो साफ विसरलो होतो. मग त्यावरून नवा रस्ता गेला आणि मोबदला माझ्या खात्यात येऊन पडला. ज्या बँकेने मला पासबुक छापायला आयुष्यभर रांगेत उभं केलं, तिच्या मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. सोबत बिस्किटंही होती. त्या बिस्किटांनीच माझं डोकं फिरलं असावं.

मेहुणा हवाई दलात होता आणि तेव्हा त्याचं पोस्टिंग चंडीगडलाच होतं. तो एकटाच राहायचा, त्यामुळे रविवारी तांबड्या रश्श्याला आमच्याकडे हजर. माणसं सांगलीची, रश्श्याच्या बाबतीत शिस्तीची.

"दाजी, सहा महिने त्या पैशाला हात लावू नका," तो म्हणाला.

"आणि मग?"

"मग अर्धे एफडीत टाका आणि अर्ध्यांत इथं जवळच मुल्लानपूरला प्लॉट घ्या. आज तिथं गहू डोलतोय, उद्या टॉवर उभे राहतील."

"हे कोणीही सांगेल."

"सांगतात सगळेच. ऐकत कोणी नाही."

बायकोला प्लॉट पसंत होता. तिच्या मनात तिथे मुलीसाठी घर बांधूनही झालं होतं, आणि मागच्या बाजूला कढीलिंब लावायचा की डाळिंब यावर ती स्वतःशीच वाद घालत होती. मला मात्र एफडी आणि प्लॉट फार मिळमिळीत वाटले. नातवंडांनी पुढे सांगावं, आजोबांनी काहीतरी करून दाखवलं! ती हौस मात्र पुरी झाली.

सकाळी फिरायला येणाऱ्या एका सरदारजींचा पिंजौरला गोठा होता. तिथे त्यांनी मला मुऱ्हा जातीचा रेडा दाखवला. काळाभोर, तेल चोळून चकाकणारा, शिंगं जिलबीसारखी वळलेली. त्याला बदाम, दूध, तूप, संध्याकाळी फेरफटका. माझ्यापेक्षा त्याचं पथ्यपाणी चांगलं होतं. जनावरांच्या मेळ्यांत त्याने पहिले नंबर काढले होते. सरदारजींचा बेत असा, की याचं वीर्य गोठवून गावोगावी विकायचं. एकाच रेड्याची हजारो वासरं!

"डॉक्टर साब, एफडी तो बैठी रहती है," ते म्हणाले. "ये देखो, खड़ा है!"

अर्धी भागीदारी मिळणार होती. मी मेहुण्याला बघायला घेऊन गेलो. त्याने रेड्याभोवती एक चक्कर मारली.

"दाजी, राजबिंडा आहे. पण आपल्याला विकायचंय ते तपासलंत का?"

"म्हणजे?"

"म्हणजे जनावरांच्या डॉक्टरला बोलवा. आमच्याकडे विमानाला कितीही झकास रंग दिला तरी इंजिन बघितल्याशिवाय कोणी उडवत नाही. आणि ताईला सांगितल्याशिवाय एक पैसा देऊ नका."

मला राग आला. जन्मभर मी तपासण्याच केल्या होत्या, हा मला तपासणी शिकवणार! ईर्ष्येने मी तपासणी केलीसुद्धा. वीर्य साठवायचं असतं द्रव नायट्रोजनच्या भांड्यात. ते भांडं मी घरी आणून स्टोअररूममध्ये ठेवलं, त्याचं तापमान नोंदवलं, नायट्रोजन किती उडून जातो त्याचे आलेख काढले, झाकणाची गळती शोधून बंद केली. बायकोने विचारलं तर प्रयोगशाळेचं जुनं काम म्हणून सांगितलं. मग तिला न सांगता सगळे पैसे दिले. रेड्याला कोणी हात लावला नाही.

मेहुण्याची आसामला बदली झाली आणि पुढच्याच आठवड्यात जनावरांचे डॉक्टर पिंजौरला आले. त्यांनी नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ बघितला.

"सर, कंटेनर बहुत बढ़िया है," ते म्हणाले.

"और भैंसा?"

"भैंसा भी बढ़िया है जी. देखने के लिए."

सरदारजी मटकन बाजेवर बसले. त्या बिचाऱ्यांनाही काही माहीत नव्हतं, तेही माझ्याइतकेच बुडाले होते. पण माणूस सचोटीचा. पुढच्या मेळ्यात रेड्याला बक्षीस म्हणून टेबलफॅन मिळाला, तो त्यांनी आग्रहाने मला दिला. आमच्या सगळ्या गुंतवणुकीचा परतावा तेवढाच.

शेवटी घरी बायकोने विचारलं, "अहो, एफडीची पावती कुठं ठेवलीत?"

मी सांगून टाकलं.

"रेडा?" ती म्हणाली.

"अर्धा."

"कुठला अर्धा?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"म्हातारपणी माणसं काशीला जातात, तुम्ही यमाचं वाहन घेऊन ठेवलंत! हप्त्यावर घेतलंत की रोख?"

फोनवर मुलगी लागली होती. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीत. "पापा, हम सच में भैंसेवाले हो गए?" असं म्हणून ती जी हसत सुटली ती थांबेना. बायको मात्र हसली नाही. तिचा कढीलिंब, तिचं डाळिंब सगळं गेलं होतं.

"हे तुमच्या डोक्यातून निघालेलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही साधा दूधवाला बदलायला घाबरता. कोणी भरवलं हे?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "तुझा भाऊ बघून आला होता. राजबिंडा आहे म्हणाला."

शब्द त्याचेच होते. पुढचं वाक्य मी गाळलं.

ती भावाशी भांडली असती तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. पण भांडणं तिच्या माहेरी नाहीत, अबोला आहे. तिने त्याला फोन करणं बंद केलं. त्याचा मला फोन आला, "दाजी, ताई बोलत का नाही?" मी म्हणालो, "पित्त वाढलंय तिचं."

त्या दिवाळीत भाऊबीजेला तिने तबक घेतलं आणि गच्चीवर गेली. आमच्याकडे जिला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. द्वितीयेची कोर, त्यात फटाक्यांचा धूर आणि शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. चंद्र काही दिसेना.

"बघता काय? एवढी उपकरणं केलीत ना? शोधा!"

मी मोबाइलवरचं होकायंत्र काढलं, दिशा धरली, टाकीच्या डाव्या अंगाला बोट दाखवलं. तिने ओवाळलं. चंद्र शोधून दिल्याबद्दल मला एक करंजी मिळाली आणि ती मी खाल्ली. भाऊ आसामात धडधाकट होता.

पुढे ही गोष्ट नात्यात पसरली. तो रेडामामा झाला. पोरं तोंडावर म्हणायची, तो हसायचा. भाचीच्या लग्नात सांगलीला मी त्याला मांडवामागे गाठलं.

"अरे, मला बोलायचं होतं. तो रेडा..."

"आहे अजून?"

"आहे."

"तब्येत?"

"उत्तम."

"झालं तर! कोणाची तरी उत्तम आहे. चला दाजी, जिलब्या गार होतायत." आणि माझा दंड धरून मला पंगतीत नेऊन बसवलं. मी जिलब्या खाल्ल्या. त्याने स्वतःसाठी पान मांडून घेतलं नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. का, ते विचारलं नाही. गेल्या वर्षी तो गेला.

बायको तेव्हा म्हणाली, "सल्ले नाही नाही ते द्यायचा, पण माझा पाठचा होता हो." मी तेव्हासुद्धा खरं सांगितलं नाही. तिला पाणी आणून दिलं. मी लिहिलेलं सगळं आधी ती वाचते, हेही तीच आधी वाचेल. मग माझं जे व्हायचं ते होवो.

पण ज्याला सांगायचं होतं त्याला आता ऐकू जाणार नाही. मांडवामागे मला एवढंच म्हणायचं होतं: तू आधी तपासा म्हणाला होतास. ताईला मी खोटं सांगितलं, आणि तुझी बहीण तुझ्यापासून तोडली. माझं चुकलं रे. मला माफ कर.