मूळ प्रत जोडली आहे

शनिवार, जूनचा दुसरा आठवडा, सकाळी अकरा. स्थळ: आमच्या पंप-कारखान्याचं कँटीन, स्टुटगार्टपासून एस-बान लोकलने पंचवीस मिनिटं. उपस्थित: साहेब, साहेबांच्या पत्नी, मी, माझा नवरा (खुर्च्या मांडायला), मित्रदेशाच्या कचेरीतल्या बाई, वृद्धाश्रमात काम करणारी बेटावरची नर्स, गावचे महापौर आणि निमंत्रित बारा. एकूण एकोणीस. अनुपस्थित: बेटाच्या ब्रसेल्समधल्या वकिलातीचे सचिव, न कळवता.

वहीतली नोंद आहे तशी उतरवली आहे. 'न कळवता' या शब्दांखाली मी रेघ ओढली होती, कारण केक वीस जणांचा मागवला होता आणि मला त्या माणसाचा राग आला होता.

साहेब, म्हणजे कारखान्याचे मालक, त्या बेटाचे मानद वाणिज्यदूत. फार वर्षांपूर्वी बेटाच्या पाणीपुरवठ्याला त्यांनी पंप दिले, बसवायला स्वतः गेले, आणि तिथल्या सरकारने त्यांना हे पद दिलं. पद म्हणजे फाटकाशेजारी राजमुद्रेची पितळी पाटी, कपाटात घडी घातलेला झेंडा, आणि मी. माझं खरं काम सुट्या भागांच्या ऑर्डरी बघायचं. पण अर्धवट फाइल माझ्याने बघवत नाही, त्यामुळे वाणिज्यदूताचं सगळं टपाल हळूहळू माझ्या टेबलावर आलं. वर्षातून एकदा बेटाचा राष्ट्रीय दिन आम्ही कँटीनमध्ये साजरा करतो.

बेटाची परराष्ट्रनीती मला एका वाक्यात सांगितली गेली होती. पूर्वेकडे दोन सरकारं आहेत, त्यांचं आपसांत जमत नाही. एकाशी संबंध ठेवले की दुसऱ्याशी ठेवता येत नाहीत. बेटाने धाकट्याला धरलं होतं. तोच मित्रदेश. ब्रसेल्समधली बेटाची वकिलात, सगळ्या युरोपसाठी मिळून एकच, मित्रदेशाने दिलेल्या दोन खोल्यांत चालायची. हे मला माहीत होतं, पण खोल्या कोणी दिल्या याने कुणाचं काय बिघडणार, असं वाटायचं.

पावणेबाराला केक कापायचा होता. त्याआधी पाच मिनिटं मित्रदेशाच्या बाईंचा फोन थरथरला. त्यांनी वाचलं, परत वाचलं आणि हातातली बशी खिडकीत ठेवली. मग कोटावरची दोन झेंड्यांची पिन काढली, बशीशेजारी ठेवली आणि साहेबांकडे जाऊन हळू आवाजात काहीतरी सांगितलं. जाताना माझ्यापाशी थांबल्या.

"पुढच्या वर्षीच्या यादीतून माझं नाव काढा," त्या म्हणाल्या. "राग नाही. तुमचे सामोसे दरवर्षी छान असतात."

बेटाच्या नव्या सरकारने मित्रदेशाशी संबंध तोडून मोठ्याशी जोडले होते. घोषणा तासाभरापूर्वी झाली होती. बेटाच्या वाणिज्यदूताला ही बातमी दुसऱ्या देशाच्या बाईंनी दिली. साहेब खुर्चीत बसले. सत्तरी ओलांडलेला, सहा फूट उंच माणूस, पण त्या क्षणी मला ते शाळेतून घ्यायला कुणी न आलेल्या मुलासारखे दिसले. "मला कुणी फोनसुद्धा केला नाही," एवढंच म्हणाले. महापौरांनी घड्याळ पाहिलं. माझा नवरा रिकामी खुर्ची धरून तसाच उभा राहिला.

नर्सने माझी बाही ओढली. ती मला ताई म्हणते, मीच शिकवलंय. बाकी आमचं सगळं जर्मनमध्ये.

"ताई, ब्रसेल्सला माझे कागद कुणाकडे आहेत?"

तिची नऊ वर्षांची मुलगी बेटावर आजीजवळ असते. दोन वर्षं खटपट करून त्या मुलीला इथे राहायला यायचा व्हिसा मिळाला होता, आणि ऑगस्टअखेरपर्यंत तिने जर्मनीत पाऊल ठेवलं नाही तर सगळं पहिल्यापासून. तीन विमानं बदलून मूल एकटं येऊ शकत नाही, आईनेच जाऊन आणायला हवं. नर्सचा स्वतःचा पासपोर्ट डिसेंबरपर्यंत चालणार होता. ती म्हणत होती, आधी मुलीला आणते, मग नवा करू. मी म्हटलं, छे, परत आल्यावर शाळेची धावपळ असेल, आत्ताच करून टाक. मेच्या सुरुवातीला मी तिची फाइल लावून ब्रसेल्सला पाठवली होती. वहीत टिक केली होती.

सोमवारी मी नऊपासून फोन लावला. नुसता वाजला. मंगळवारी ध्वनिमुद्रित आवाज आला आणि बुधवारी क्रमांकच बंद झाला. गुरुवारी साहेब स्वतः गाडी चालवत ब्रसेल्सला गेले. खोल्या रिकाम्या. इमारतीच्या व्यवस्थापकाने सांगितलं की खोकी शुक्रवारीच हलवली, कुठे ते माहीत नाही, आणि सचिव किल्ल्या टपालपेटीत टाकून गेले. म्हणजे आम्ही त्याच्यासाठी केक मागवत होतो तेव्हा तो खोकी बांधत होता.

साहेब परत येईपर्यंत दाखवायला काहीतरी तयार असावं म्हणून मी नर्सची फाइल काढली. माझ्याकडे प्रत्येक कागदाची प्रत असते. वर अर्जासोबतची सूचना होती. ती मी मेमध्ये नक्कीच वाचली होती. क्रमांक चार: सध्याच्या पासपोर्टची साक्षांकित प्रत. मूळ पासपोर्ट नवा हाती मिळाल्यावर जमा करावा.

खाली माझ्याच अक्षरात: मूळ प्रत जोडली आहे.

मी ती ओळ तीनदा वाचली, तिसऱ्यांदा बोट ठेवून.

पुण्यात पंचविशीत एका दाखल्यासाठी मी एकाच खिडकीवर चार चकरा मारल्या होत्या. दरवेळी पलीकडचा माणूस वर न बघता हात पुढे करायचा, "ओरिजिनल?" तेव्हापासून माझा नियम आहे, एक मागितलं तर तीन जोडायचे आणि वर ओरिजिनल. फाइल कधी परत आली नाही. मी त्यात हुशारी मानत आले. साहेबांनीही न बघता सही केली होती. "तुम्ही पाहिलंय ना, मग झालं."

साहेबांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ते म्हणाले, सही माझी आहे. घरी नवरा बटाटे सोलत होता.

"अहो, त्यांनी फक्त प्रत मागितली होती. मूळ पासपोर्ट तिच्याजवळच राहिला असता."

एरवी माझ्या याद्यांवर तो काहीतरी बोलतोच. यादीत त्याचा नंबर कितवा, हा तर ठरलेला प्रश्न. आज त्याने सुरी खाली ठेवली.

"तिला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला काय सांगतेस? मला कुठे बेटावर जायचंय?"

आता आउसलेंडरबेह्योर्डे, म्हणजे परदेशी लोकांच्या कार्यालयात खेटे सुरू आहेत. ज्यांना आपल्या देशाचा पासपोर्ट मिळू शकत नाही त्यांना हे लोक प्रवासाचं कागदपत्र देतात. त्यासाठी वकिलातीचं पत्र लागतं, की पासपोर्ट देता येत नाही. वकिलात नाही, हे लिहून द्यायला वकिलात हवी. साहेबांनी आपल्या लेटरहेडवर लिहून दिलं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, हे अजून वाणिज्यदूत आहेत का? मी म्हटलं, तसं कुणी नाकारलेलं नाही. त्या म्हणाल्या, मग तसं कुणी लिहून द्यावं. बेटाच्या राजधानीला साहेबांनी चार पत्रं पाठवली, उत्तर नाही. पाटी काढायची की ठेवायची तेही त्यांना कळवलेलं नाही, म्हणून ती अजून फाटकावर आहे. पुढचा टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, ऑगस्टच्या एकवीस तारखेचा.

गेल्या रविवारी नर्स आमच्याकडे जेवायला आली होती. जेवण झाल्यावर तिने मुलीला फोन लावला. मुलीने पडद्यावर आपली बॅग दाखवली. भरलेली होती, वर स्वेटर. जर्मनीत थंडी असते असं तिला आजीने सांगितलंय. मलाही हात हलवला. फोन ठेवल्यावर नर्स माझ्याबरोबर भांडी पुसायला उभी राहिली.

"ताई, बरं झालं फाइल तू लावलीस," ती म्हणाली. "मी पाठवली असती तर काहीतरी राहून गेलं असतं."

मी ताट पुसलं. तेच ताट पुन्हा पुसलं. नवरा दारात उभा होता, माझ्याकडे बघत. मी म्हटलं, डबा देते, उद्या ड्यूटीवर ने.

या आठवड्याची यादी: टेर्मिनसाठी फोटो दोन. भाषांतराचा शिक्का. राजधानीला पाचवं पत्र. आजीच्या फोनमध्ये पैसे भरणे. चारही कामं शुक्रवारपर्यंत झाली. पाचवं काम सलग चौथ्या आठवड्यात पुढच्या पानावर उतरवलं आहे: सूचनेतल्या क्रमांक चारबद्दल तिला सांगणे.