हलकं घर

मला दुपारी जागेपणी स्वप्नं पडतात. शाळेत मधली सुट्टी झाली, पोरं खिचडी खायला बसली, की डबा उघडायच्या आधी मी मोबाईल उघडते. त्यात कुठल्या तरी थंड मुलखातली बुटकी घरं असतात. उतरतं छप्पर, त्यावर चढलेले वेल, जाडजूड दगडी भिंती, आणि भिंतीत एवढी खोल खिडकी की माणसानं उशी घेऊन आत जाऊन बसावं. बाहेर धुकं, आत दिवा, पायावर गोधडी, कपातून निघणारी वाफ. लातूरच्या उन्हात साडी पाठीला चिकटलेली असताना मी त्या धुक्यात जाऊन येते. बरोबरच्या बाई म्हणायच्या, बाईंना डुलकी लागली. डुलकी कसली, मी तिथं राहायला गेलेली असायची.

हे वेड मोबाईलनं लावलं असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे. ते खोटं आहे. माझं लहानपण कंधारला गेलं. वडील बसवर कंडक्टर, आणि किल्ल्याच्या अंगाला आमच्या भाड्याच्या दोन खोल्या. घर आमचं नव्हतं, पण भिंती हातभर जाडीच्या, काळ्या दगडाच्या, आणि खिडकीचा कट्टा एवढा रुंद की मी त्यावर पाय दुमडून झोपायची. उन्हाळ्यात बाहेरचा रस्ता तव्यासारखा तापायचा आणि माझ्या गालाखाली दगड गार. अर्ध्या झोपेत स्टँडावरून कंडक्टरची आरोळी यायची, नांदेड नांदेड नांदेड, आणि मला वाटायचं आपली खिडकीच हळूहळू नांदेडला निघाली. आई म्हणायची, ही पोरगी पाळण्यात कमी आणि खिडकीत जास्त वाढली. मोबाईलमध्ये तसलं पहिलं घर दिसलं तेव्हा मला आधी तो गार दगड आठवला. त्यामुळे लातूरबाहेर मुरुडच्या रस्त्याला आमचा छोटासा प्लॉट झाला आणि घर बांधायचं ठरलं, तेव्हा माझं सगळं आधीच ठरलेलं होतं.

राहिले होते ते आमचे हे. आता यांच्याबद्दल सांगायला पाहिजे. यांचं गाव लातूरच्या दक्षिणेला, भूकंपात गेलेल्या गावांपैकी एक. हे तेव्हा पाचवीत. आई आणि धाकटी बहीण घराखाली गेल्या, हे आणि वडील राहिले. एवढं मला लग्नाआधी माहीत होतं आणि लग्नानंतरही एवढंच माहीत होतं, कारण त्यापुढं हे बोलत नाहीत. कचेरीतला कारकून माणूस, दिवसभर लोकांशी गोड बोलणार, पण या एका गोष्टीवर तोंडाला कुलूप. माझी जीभ कशी आहे हे सगळ्या लातूरला ठाऊक आहे. तरी ते कुलूप मला उघडता आलं नव्हतं.

बोलत नसले तरी त्यांचं वागणं सांगायचंच. भाड्यानं घर बघायला गेलो की हे आधी मान वर करून छत बघायचे. पत्रे असले की पसंत. उन्हाळ्यात पत्र्याखाली आम्ही भाजून निघायचो, मी चिडचिड करायची, हे ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसायचे. झोपायची खाट दाराशी, पाय दाराकडं, आणि पावसाळा सोडला तर अंगणातच. भिंतीवर काही लावायचं नाही. खिळा ठोकायचा विषय काढला की घरातली हातोडी सापडायची नाही. लग्नात आलेलं भिंतीवरचं घड्याळ आमच्याकडं टेबलावर उताणं झोपून वेळ दाखवायचं. मला वाटायचं, या माणसाला घराची हौसच नाही. सगळ्या बायका दिवाळीला पडदे बदलतात, आणि मी उघड्या भिंतीकडं बघत फराळ करते.

घर पाहावं बांधून म्हणतात ते उगाच नाही. मी यांना एकेक चित्र दाखवायची. दगडी भिंत, हे म्हणायचे हाव, चांगलंय. लाकडी तुळया, हाव, चांगलंय. पलंगाच्या उशाशी भिंतीत फळ्या आणि फळ्यांवर चिनी मातीची भांडी, चांगलंय की. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मिस्त्रीला सांगितलं आणि प्लॉटवर काळ्या दगडाचा ढीग येऊन पडला. मी संध्याकाळी जाऊन त्या दगडांवर हात फिरवायची, आणि डोळे मिटले की घर उभं. हे पण यायचे बरोबर, पण ढिगाजवळ यायचे नाहीत. प्लॉटच्या पार दुसऱ्या कडेला उभं राहून मोबाईल बघत राहायचे, ज्या माणसाला मोबाईल बघायची सवय नाही तो. तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं. माझं घर उभं राहील आणि हे त्यात राहणार नाहीत. बाहेर खाट टाकतील. मी आत, माझ्या खिडकीत, एकटी. भीती ही एवढीच होती, आणि ती मी कुणाला सांगितली नाही.

शाळेतल्या बाईंच्या दिरानं मुरुडजवळ शेतात तसलंच घर बांधलं होतं. त्यांनी एका रविवारी आम्हांला बघायला बोलावलं. मी गेले ती हरवलेच. आत पाऊल टाकलं तर गारवा, ओल्या मातीचा वास, दगडी भिंतीवर कंदिलासारखे दिवे, तुळईला लटकवलेल्या टोपल्या, आणि ती खिडकी. मी सरळ जाऊन तिच्यात बसले. बाहेर तुरीचं पिवळं शेत हलत होतं आणि मी कंधारला होते, दहा वर्षांची. बाई काय सांगत होत्या मला ऐकू आलं नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मागं वळून बघते तर हे नाहीत. चहाचा कप हातात घेऊन फाटकाच्या बाहेर, लिंबाच्या झाडाखाली उभे. घरमालक आत या आत या म्हणतायत आणि हे तिथूनच मान हलवून राहिले.

मला असा राग आला म्हणता. गाडीवर बसले आणि सुरू झाले. लोकांच्या दारात शोभा केली, एवढा मोठा माणूस उंबऱ्याच्या आत येत नाही, नको होतं तर आधी नको म्हणायचं, मूग गिळून बसायचं आणि वेळेवर तोंड पाडायचं. हे ऐकत गाडी चालवत होते. निम्मा रस्ता झाला असेल, यांनी गाडी बाभळीखाली लावली आणि उतरले. मला वाटलं आता भांडण होणार. मी तयार होते.

हे माझ्याकडं न बघता शेताकडं बघत बोलले. "आमचं माळवद गळायचं. आईला ते खपायचं न्हाई. दरसाल पावसाच्या आधी वर माती टाकायला लावायची. जुनी काढायची न्हाई, तिच्यावरच नवी. पाट्या मी वाहायचो. आई खालून भरून द्यायची आणि म्हणायची, अजून एक टाक, घर कसं गार राहतंय बघ."

मी पण गाडीवरून उतरले. हे म्हणाले, "मी त्या रात्री गणपतीच्या मांडवात झोपलो होतो. सकाळी लोक उकरून राहिले तर मला वाटलं दगड निघतील. दगड थोडे होते. माती होती. लई माती. सगळी आमचीच."

आमच्या भागातली जुनी माळवदं ज्यांनी बघितली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. लाकडी तुळया, वर फळ्या, आणि त्यावर मातीचा थर. दरसाल एक थर चढायचा. जी बाई घराला जपायची तिचं माळवद जाड, जिला घराची हौस नाही तिचं पातळ. यांची आई गावात हौशी म्हणून नावाजलेली. माझ्यासारखीच असणार. मी यांना इतकी वर्षं बिनहौशी म्हणत होते, आणि या माणसानं पाचवीच्या आतच घराची सगळी हौस डोक्यावरून वाहून वर नेली होती. मला रडू फुटलं. भर दुपारी, मुरुडच्या रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांसमोर मी यांच्या पाठीला डोकं टेकून रडले. लातूर जिल्ह्यात असं कुणी करत नाही. मी केलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला सांगितलं, दगड उचला. तो म्हणाला बाईंचं डोकं फिरलं. म्हणू दे. हेच मधे पडले, म्हणाले निदान तुझी खिडकी तरी राहू दे. मग आम्ही दोघं पहिल्यांदा घराबद्दल खरंखुरं बोललो. भिंती विटांच्या, मधून भिंत बांधून धरायला सळई-सिमेंटचे पट्टे, वर उतरते पत्रे, पत्र्याखाली बांबूच्या चटया. खिडकी भिंतीत खोल नाही, तर लाकडाची, भिंतीतून बाहेर काढलेली. पट्टे भरताना हे रजा टाकून उभे राहायचे, सळई हातानं हलवून बघायचे. आणि मी परत मोबाईल उघडला, पण आता तीच चित्रं वेगळी दिसायला लागली. यातलं जड काय आणि सुख कशात आहे, एवढंच बघायची. गंमत म्हणजे सुख दगडात नव्हतंच. ते उशीत होतं, दिव्याच्या पिवळ्या उजेडात होतं, खिडकीच्या बाहेर हलणाऱ्या हिरव्यात होतं.

मग माझं हिंडणं सुरू झालं. नांदेडला बुरूड गल्लीत जाऊन बसले. ओल्या बांबूचा वास, पट्ट्या सपासप निघतायत, आणि मी त्या आवाजात अशी गुंगले की टोपल्या विणणाऱ्या आजीबाईंनी दोनदा विचारलं, काय पायजे माय? कंधारला आईकडं गेले. तिनं पेटी उघडली आणि जुन्या साड्यांच्या वाकळा काढल्या. एकीत माझा परकर होता, एकीत वडिलांच्या खाकी शर्टाचा तुकडा. ती वाकळ मी तिथंच अंगावर घेतली आणि दुपारभर झोपले. उठले तर संध्याकाळ, स्टँडावर तीच आरोळी, आणि क्षणभर मला कळेना मी पोरगी आहे का बाई. तिथून निघताना घर कसं सजवायचं ते मला कळलेलं होतं. सुती पडदे, वाकळा, जमिनीवर ठेवायच्या टोपल्या, दारात मधुमालती. डोक्यावर काही नाही. पडलं तरी कुणाला लागू नये असं घर.

उन्हाळा सरता सरता आम्ही राहायला आलो. आलेगेलेले म्हणायचे, बाई, घर आहे का घरटं? मला लई बरं वाटायचं. पण हे रात्री अंगणातच. एवढं सगळं करून अंगणातच. पाऊस लागला तशी खाट ओसरीत आली, तिथून पुढं हालेना. मी एक शब्द बोलले नाही. मी बोलले नाही याची नोंद कुणीतरी घ्यायला पाहिजे होती. दुपारी शाळेतून येऊन मी खिडकीत बसायची, मधुमालती पत्र्याकडं सरकताना बघायची, आणि समोरची खाट दिसू नये म्हणून पडदा ओढून घ्यायची.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी हे कचेरीतून लवकर आले. पिशवीत कागदाची पुडी. पुडीत गेरू. मला वाटलं कुंड्यांना आणला असेल. यांनी वाटीत पाणी घेतलं, गेरू कालवला, आणि चपला काढून सरळ आतल्या खोलीत गेले. पलंगाच्या उशाकडच्या भिंतीसमोर उभे राहिले.

म्हणाले, "भिंत लई कोरी दिसून राहिली."

मी दारात उभी, हातात पिठाचं ताट तसंच. यांनी बोट बुडवलं आणि भिंतीवर टेकवलं. आधी नुसता ठिपका. मग दोन उभ्या रेघा, वर आडवी फांदी, खाली दोर. आई पंचमीला दाराशेजारी काढायची म्हणाले, तिचं सरळ यायचं, माझं वाकडं येतंय. झोका होता तो. झोक्यावर त्यांनी एक लहान पोरगी काढली, दोन वेण्यांची, पाय हवेत. वेण्या काढताना हात थांबला. मग त्यांनी बहिणीचं नाव घेतलं. त्यांच्या तोंडून ते नाव मी लग्नापासून पहिल्यांदा ऐकलं.

"झोक्यावरून उतरायचीच न्हाई," म्हणाले.

खूप वेळ बघत उभे राहिले. मग बसले, मग आडवे झाले, त्या भिंतीला डोकं लावून, पलंगावर, आत. मी पडदा ओढला, पाऊस आत येत होता. वळून बघते तर झोपलेले. हात तसेच, न धुतलेले, आणि माझ्या नव्या पांढऱ्या चादरीला गेरूची पाचही बोटं लागलेली. लागू दे.