आईचं दिल्लीचं मत

ग्रामपंचायतीची निवडणूक आली की आमचं गाव वेडं व्हायचं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. हिंडता-फिरता न येणाऱ्या म्हाताऱ्यांना खाटेसकट शाळेत आणत, आसगावला बाजाराला गेलेल्यांना माघारी बोलवायला माणूस धाडत. आणि लोकसभेच्या वेळी त्याच शाळेत मतदानाचे कर्मचारी दिवसभर माश्या मारत बसलेले. मी त्या शाळेत मास्तर होतो. मला लाज वाटायची, आणि सगळ्यात जास्त राग यायचा तो घरच्याच माणसाचा. पंचायतीला पहाटे अंघोळ करून रांगेत पहिली उभी राहणारी माझी आई लोकसभेच्या दिवशी निवांत भाजी निवडत बसायची.

"अवो आई, देश चालवाचा आहे!" मी ओरडायचो.

"दिल्लीवाला आपल्या बांधीत पाणी सोडते का? तलावाचं पाणी पयले कोणाच्या धानाले, ते सरपंच ठरवते. तो चुकला तं त्याच्या दारात जाऊन भांडता येते मले. दिल्लीचं दार कुठं शोधू?"

काही देशांत मत दिलं नाही तर दंड होतो, हे मी पेपरात वाचलेलं तिला ऐकवलं. ती हसली. "म्हणजे तिथंही माह्यासारख्याच बाया आहेत." पालथ्या घड्यावर पाणी! निवडणुकीमागून निवडणूक गेली, मी घसा कोरडा करत राहिलो आणि ती भाजी निवडत राहिली.

ऐंशीचं दशक सरत आलं आणि वैनगंगेवरच्या धरणाचं पक्कं झालं. आमचं घर, शेत, सगळं बुडितात जाणार होतं. आई तडक सरपंचाच्या दारात भांडायला गेली. त्या बिचाऱ्याने हात जोडले. "काकू, हे माह्या हातात नाही. माह्यंही घर जाऊन राहिलं."

पुढच्या लोकसभेला आई सगळ्यांच्या आधी शाळेत हजर होती आणि तिच्यामागे अख्खं गाव. मी रांगेत तिच्या पाठीशीच होतो. आईने मतपत्रिका हातात घेतली, पण ती आडोशाला जाईना. केंद्राध्यक्षांना म्हणाली, "साहेब, धरण नको म्हणणाऱ्याचं चित्र कोणतं?"

"आजी, असं विचारायचं नसतं. आत जा, शिक्का मारा."

"पण आहे का कोणी?"

साहेबांनी कागदात डोकं घातलं. तेव्हा ती माझ्याकडे वळली. सगळ्या उमेदवारांची भाषणं मी ऐकली होती. धरण लवकर पुरं करतो म्हणून प्रत्येकानेच टाळ्या घेतल्या होत्या.

"नाही, आई," मी म्हणालो.

तिने कोरी मतपत्रिका नीट घडी करून पेटीत टाकली आणि तडक घरी गेली. मला त्या पेटीचा, त्या भाषणांचा आणि माझ्या इतक्या वर्षांच्या बडबडीचा संताप आला.

संध्याकाळी पेटीला सील लावून झाल्यावर केंद्राध्यक्षांनी खुशीत माझा हात धरला. "मानलं गुरुजी! इतकं मतदान या भागात कुठंच नाही. कसं जागं केलं हो गाव?"

मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.