दुखणं दाखवणारे मामा

जव्हारच्या माझ्या दवाखान्यात केसपेपर काढणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणत. पाड्यांवरची बोली मला नीट कळत नसे. डोकं दुखतंय म्हणून आलेला माणूस मामांना सांगे आणि मामा ते दुखणं स्वतःच्या डोक्यावर दाखवत. अर्धशिशी असली की एक डोळा झाकून घेत, सर्दीचं असलं की कपाळ चेपत. मी पेशंटऐवजी मामांकडे बघूनच गोळ्या लिहायचो.

वांगणी पाड्यावरची एक बाई तापाने फणफणत आली, तेव्हा मामांनी मान ताठ धरली. "सायेब, हिची हनुवटी छातीला टेकत नाय. हात लावून बघा."

"मामा, डॉक्टर तुम्ही का मी?"

बाहेर रांग होती. तिच्या मानेला मी हातसुद्धा लावला नाही. तापाच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी ती मेंदूज्वराने गेली.

ती कशी गेली, ते विचारायला तिचा नवरा आला. मी मामांना म्हणालो, "सांगा त्याला, आणायला उशीर केला."

मामांनी हातातला केसपेपर खाली ठेवला. मग त्यांनी ते त्याच्या बोलीत सांगितलं.

नवऱ्याने माझे पाय धरले. चूक माझीच, म्हणत होता. तेवढं मला कळलं.

"असू दे," मी म्हणालो.

ते मामांनी त्याला सांगितलं नाही.