खांदे मोजून घेतलेलं घर

आमच्या त्या आळीचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर तिथल्या लोकांना आपला मान झाला असं वाटेल, आणि त्यांचा मान माझ्या हातून व्हावा अशी माझी मुळीच इच्छा नाही. दोन्ही बाजूंना ओटे, ओट्यांवर पान चघळत बसलेले पुरुष, मधे एक सामाईक विहीर, आणि त्या विहिरीत आधी घागर कुणी बुडवायची यावरून बापजाद्यांपासून चालत आलेलं वैर. ठाण्यात अशा आळ्या आणखीही असतील. पण या आळीत माझ्या वडिलांनी घर घेतलं, आणि ते एक प्रेत बघून घेतलं.

हे मी थट्टेनं म्हणत नाही. वडील तेव्हा कलेक्टरकचेरीत कारकून होते. मी नुकताच तिथंच उमेदवार म्हणून, म्हणजे बिनपगारी, चिकटलो होतो. आम्ही चेंदणीला खाडीच्या अंगाला भाड्यानं राहत होतो. घर कौलारू, उजेडाचं, परसात गोड्या पाण्याची विहीर. मालक मुंबईला बिऱ्हाड हलवणार होता आणि घर आम्हीच विकत घ्यावं म्हणून मागे लागला होता. कुंपणापलीकडे भातशेती करणारं एक ख्रिस्ती कुटुंब होतं. त्या घरातली बाई आईच्याच वयाची. दुपारी दोघी कुंपणाच्या दोन बाजूंना बसून तासन्‌तास बोलत. तिच्याकडचं पाणी आई पीत नसे, पण शेवग्याच्या शेंगा घेई. "घे गो बाय, लाजतंस कनाला?" असं म्हणत ती शेंगांची जुडी कुंपणावरून आत टाकायची. आई मोठ्यानं हसते हे मी त्या परसातच ऐकलं. तिला ते घर हवं होतं आणि तिनं तसं वडिलांना स्पष्ट सांगितलं होतं.

वडिलांच्या डोक्यात मात्र दुसरंच होतं. आजोबा खडवलीला वारले होते. त्या गावात आमच्या जातीचं ते एकच घर. वडील तेव्हा मिसरूड फुटण्याच्या वयाचे. तिरडी उचलायला माणसं मिळेनात म्हणून ते चिखल तुडवत टिटवाळ्याला गेले, तिथून कल्याणला. एकानं सुतकाचं निमित्त काढलं, दुसऱ्यानं तापाचं. माणसं गोळा होईपर्यंत दुसरा दिवस कलला, आणि आजोबा तोवर घरात तसेच. वडिलांनी तेव्हा जी धास्ती घेतली ती जन्मभर सोडली नाही. घर कसंही असो, मेल्यावर चार खांदे दारात पाहिजेत, एवढीच त्यांची घराची कल्पना होती.

एके दिवशी कचेरीत बातमी आली की त्या आळीत कुणी म्हातारे गेले. वडिलांनी रजा टाकली आणि मला म्हणाले, "चल." मला वाटलं, ओळखीचे असतील. कसली ओळख! आळीच्या तोंडाशी उभं राहून ते नुसते बघत होते. एकेका घरातून पुरुष बाहेर पडत होते, पंचे सावरत, पुढच्या खांद्यासाठी एकमेकांना सारत. वडिलांचे डोळे भरून आले. मग ते पुढं झाले आणि त्या परक्या म्हाताऱ्याला त्यांनी खांदा दिला. मी मागून चालत राहिलो. लाजेनं मान वर होत नव्हती.

घरी येऊन आंघोळ केली आणि ओल्या अंगानंच आईला म्हणाले, "घर ठरलं. त्या आळीत एक विकाऊ आहे."

"बघितलंत का आतून?"

"माणसं बघितली. घर काय, चार भिंती."

"आणि त्या माणसांच्या बायका?" आईनं विचारलं. "त्या बघितल्यात का?"

पुढच्या महिन्यात आम्ही राहायला गेलो.

त्या घराबद्दल सांगण्यासारखं काही नाही. भरदुपारी दिवा लावावा लागे. सांगायचं ते आळीबद्दल. विहिरीसमोर, आळी जिथं वळते तिथं, एक वकील राहत. वकिली बेताची, त्यामुळं हाताशी वेळ भरपूर, आणि आळीतला प्रत्येक निवाडा त्यांच्या ओट्यावर होई. पहिल्याच आठवड्यात ठरलं की आम्ही नवे, तेव्हा विहिरीवर आईची पाळी शेवटची. पुढं वीस वर्षं होत आली तरी आम्ही नवेच होतो. सकाळचं नितळ पाणी इतरांनी नेलं की खालचा गढूळ गाळ आईच्या वाट्याला येई, आणि घागरी भरताना बायकांची शेलकी बोलणी ती निमूट ऐकून घेई. मी एकदा भांडायला निघालो तर वडिलांनी दारातच अडवलं. "तोडून बसू नकोस. ही माणसं पुढं लागायची आहेत," म्हणाले.

चेंदणीची ती बाई एकदाच आली. बाजारातून परतताना वाट वाकडी करून, शेंगांची जुडी घेऊन मागल्या दाराशी उभी राहिली. दोघी जेमतेम चार शब्द बोलल्या असतील. संध्याकाळी वकिलांच्या ओट्यावर वडिलांना बोलावणं गेलं. आळीच्या शुद्धपणाची चाड त्या माणसाला अशी काही होती की ऐकून ओकारी यावी. पुढच्या वेळी ती दिसली तेव्हा वडीलच पुढं झाले आणि पुन्हा येऊ नका म्हणाले. तिनं आत पाहिलं. आई चुलीपाशी पाठ करून बसली होती. "बरां," म्हणाली आणि शेंगा पायरीवर ठेवून गेली. त्या तिथंच वाळल्या. त्या दिवशी वडिलांचा मला जो राग आला तो आजही पुरता गेलेला नाही.

आणि खांदे? ते वडिलांनी मन लावून दिले. आळीत कुणी गेलं की पहिले हजर. वकिलांची आई गेली ती ऐन वैशाखात. बाई देहानं भारी होत्या आणि आळीतले बरेच जण लग्नकार्यांना गेलेले. वडिलांनी स्मशानापर्यंत खांदा बदलला नाही. रात्री आई त्यांच्या सुजलेल्या खांद्याला तेल चोळत होती तर म्हणाले, "हे वाया जात नाही."

मग गाठीच्या तापाची साथ आली. उंदीर मरून पडू लागले तशी आळी रातोरात हलली. कुणी गावी गेलं, कुणी माळावर झोपड्या बांधल्या. माझी बायको मुलांना घेऊन कल्याणला माहेरी गेली. चेंदणीचे लोकही घरं सोडून उघड्यावर राहत होते. कचेरीतले मित्र खडवली, शहापूर, वाट फुटेल तिकडे. वडील हलायला तयार नव्हते. त्यांना गाठ आली नव्हती. छातीचं जुनं दुखणं होतं, ते बळावलं आणि एका पहाटे ते गेले.

मी दारोदार फिरलो. एकेक कुलूप बघत गेलो. वकिलांच्या दाराला बाहेरून कुलूप नव्हतं. कडी आतून होती. मी हाका मारल्या, दार वाजवलं, वडिलांचं नाव घेऊन सांगितलं. काही हललं नाही. शेवटी म्युनिसिपालिटीची प्रेतं नेणारी बैलगाडी गाठली. गाडीवान आळीच्या तोंडाशी थांबला आणि पुढं येईना.

"तुमच्या आळीत आमाला पाय ठेवायची बंदी हाय, साहेब."

"आळीत आहे कोण आता?"

"आज नाय. उद्या येतील ना परत. मंग माझं काय?"

त्याचं खरं होतं. आळीनं घालून दिलेला नियम आळी ओस पडली तरी जागा होता. मी घरी परत आलो. आईनं विचारलं, "कोण आहे?" मी मान हलवली. तिनं पदर खोचला, तिरडीच्या मागच्या टोकाशी गेली आणि म्हणाली, "तू पुढं हो."

बायकांनी तिरडीला हात लावायचा नसतो हे तिला मी सांगायला हवं होतं, असं नाही. आम्ही दोघांनी वडिलांना त्या सगळ्या बंद ओट्यांसमोरून नेलं. वळणावर आईचा दम तुटला. गाडी तिथून दिसतही नव्हती. जमिनीवर चिखल होता, म्हणून आम्ही तिरडी वकिलांच्या ओट्यावर टेकवली. आई क्षणभर कठड्याला धरून उभी राहिली. मग पुन्हा उचलली.

साथ ओसरली आणि आळी परतली. एका संध्याकाळी वकील आणि आणखी तिघं समाचाराला आले. घोंगडीवर बसून वकिलांनी सुस्कारा सोडला. "आम्ही सगळे तेव्हा बाहेरगावी. मी कल्याणला होतो. नाहीतर अशा माणसाला खांद्यांची वाण पडली असती होय?" मग खाकरून पुढं म्हणाले, "पण झालं ते शास्त्राला सोडून झालं. मातोश्रींनी प्रेताला खांदा दिला. शिवाय आमच्या ओट्यावर प्रेत टेकवलंत. ओट्याची शुद्धी करायला हवी, आणि मातोश्रींना प्रायश्चित्त घ्यावं लागेल. आळीचं तसं म्हणणं आहे."

आई दाराआड होती. उभ्या जन्मात ती परक्या पुरुषांपुढं आली नव्हती. ती बाहेर आली.

"ओट्यावर टेकवलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

वकिलांनी माझ्याकडं पाहिलं. मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

"आळीत चिटपाखरू नव्हतं," आई म्हणाली. "गाडीवान वळणापलीकडं होता. मग कुणी पाहिलं?"

एकानं पंच्याचं टोक उगाच चुरगाळलं. वकिलांचा चेहरा असा काही झाला की तो आठवून मला अजूनही बरं वाटतं, आणि हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

"तुमच्या आईला ह्यांनी उन्हातून नेलं," आई म्हणाली. "तुम्ही कडी लावून फटीतून बघत होतात. उठा आता."

ते उठले. घर मी वर्षाच्या आत विकलं. ज्यानं घेतलं तो परजातीचा, आणि त्या आळीच्या घशाखाली अजून उतरलेला नाही, एवढं समाधान मला आहे.

चेंदणीचं जुनं घर केव्हाच दुसऱ्याकडं गेलं होतं. त्याच वाटेवर पुढं एक लहानसं विकाऊ होतं. या वेळी आई स्वतः बघायला आली. परसात गेली, विहिरीत वाकून पाहिलं, पाणी चाखलं, कुंपणाशी उभी राहिली. पलीकडून ती ख्रिस्ती बाई काठी टेकत येत होती, पार वाकलेली. मी मात्र वडिलांचाच मुलगा. सवयीनं मालकाला विचारू लागलो की या बाजूला आमच्या जातीची घरं किती, वेळप्रसंगी माणसं मिळतील ना.

आई माझ्याकडं वळली.

"गप्प बस रे," म्हणाली. "खांदे मोजत त्यांनी सगळं ठाणं पालथं घातलं. मी घरातच होते."